आवाज बंद करून बघा
(घरच्या ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा)

अण्णाकाका: काल रात्री नेटफ्लिक्सवर 'अननोन : केव्ह ऑफ बोन्स' बघितली. अंगावर काटा आला. मेंदू आपल्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि तरी ही होमो नालेदी नावाची, लाखो वर्षांपूर्वीची माणसासारखी मंडळी आपली मेलेली माणसं खोल गुहेत नेऊन पुरायची! सगळ्यांनी बघा.

सुमाआत्या: मी बघितली अण्णा. तो माणूस फटीतून खाली सरकतो ना, तेव्हा माझाच श्वास कोंडला.

अण्णाकाका: ली बर्गर, तिथे खोदणाऱ्या गटाचा प्रमुख शास्त्रज्ञ. आत जाता यावं म्हणून त्याने २५ किलो वजन उतरवलं. सगळ्यात अरुंद जागी फट वीतभरही नाही.

दादा: मी ५० उतरवले तरी डोकं अडकेल.

वहिनी: डोक्याची काळजी करू नका, त्याच्या आधीच अडकाल.

सुमाआत्या: 😂😂

मंजूताई: काका, मलाही आवडली होती. पण "पुरायची" हे एवढं ठाम नका म्हणू.

अण्णाकाका: अगं त्यात स्पष्ट दाखवलंय. खड्डा, त्यात सांगाडा, सगळं.

मंजूताई: खड्डा दाखवलाय तो संगणकावर काढलेला. जमिनीत हाडं आहेत, आणि तिथली माती आजूबाजूच्या मातीहून वेगळी वाटते, एवढा त्यांचा पुरावा. बर्गरच्या गटाने २०२३ मध्ये हे लेख ई-लाइफ या विज्ञान नियतकालिकाकडे दिले. तिथल्या समीक्षकांनी लिहिलं की दफन सिद्ध होईल इतका पुरावा यात नाही. आणि त्याच महिन्यात, जुलैत, फिल्म आली. फिल्ममध्ये त्या शंकेचा आवाज किती ऐकू येतो ते तुम्हीच आठवा.

अण्णाकाका: म्हणजे सगळी बनवाबनवी?

मंजूताई: अजिबात नाही! हाडं शंभर टक्के खरी. दक्षिण आफ्रिकेतली रायझिंग स्टार गुहा, २०१३. आत मावतील अशा बारीक चणीच्या सहा शास्त्रज्ञ मुली उतरवल्या, त्यासाठी फेसबुकवर जाहिरात दिली होती. दीड हजारावर तुकडे निघाले, किमान १५ जणांचे. होमो नालेदी हे नाव २०१५ मध्ये दिलं. आधी सगळ्यांना वाटलं खूप जुना असेल, २०१७ मध्ये वय कळलं ते फक्त २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षं. हीच केवढी मोठी गोष्ट आहे. तिला दफनाच्या फोडणीची गरज नव्हती.

मामा: एक साधा प्रश्न. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी शिल्लक?

दादा: आला. मी वाटच बघत होतो.

मी: मामा, तुमचे चुलतभाऊ अजून आहेत म्हणून तुमचे आजोबा नव्हतेच असं होतं का? चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलत भावंड आहे. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा.

मामा: मग ते वाकलेल्यापासून ताठ होत जाणाऱ्यांच्या रांगेचं चित्र?

मी: ते १९६५ साली रुडॉल्फ झॅलिंगरने एका पुस्तकासाठी काढलं. तेव्हापासून टीशर्टपासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे तेच. पण रांग नव्हतीच. मंजूताईने सांगितलेला तीन लाख वर्षांपूर्वीचाच काळ घ्या. दक्षिण आफ्रिकेत नालेदी, युरोपात निअँडरथल ही आणखी एक मानवजात, आणि मोरोक्कोत जेबेल इरहूदला जवळपास आपल्यासारख्या चेहऱ्याचे लोक. सगळे एकाच वेळी. उभं कोणाला कोणाच्या मागे करणार?

चिनू: मंजूआत्या त्या जुन्या माणसांच्या डोळ्यात पांढरं असतं का? टीव्हीवर एकाच्या होतं आणि एकाच्या सगळं काळं

मंजूताई: चिनू, अख्ख्या ग्रुपमधला सगळ्यात भारी प्रश्न. माहीतच नाही! डोळा उरत नाही रे. ओठ, कान, केस, तेही नाही. क्वचित डीएनए मिळाला तर त्वचेच्या रंगाचा थोडा अंदाज येतो. बाकी डोळ्यात पांढरं दाखवलं की तो आपल्याला "आपल्यातला" वाटतो, काळं ठेवलं की प्राणी. ठरवतो कलाकार.

चिनू: मग खरं काय असतं त्यात

मंजूताई: हाडाला लागून जे असतं ते. मी रोज सांगाडा समोर ठेवून शिकवते, म्हणून या भागात जरा पाल्हाळ लावते, सहन करा. कवटीला मणका जोडला जातो ते भोक आपल्यात बरोबर खाली असतं, चिंपांझीत मागे सरकलेलं. म्हणजे नुसता कवटीचा तळ मिळाला तरी मान कशी धरत होता ते कळतं. आपलं मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे तिरपं आत येतं, चिंपांझीचं सरळ. इथिओपियात १९७४ ला लुसी नावाचा सांगाडा सापडला, ३२ लाख वर्षं जुना, तिचं तिरपं आहे. म्हणजे बाई दोन पायांवर चालत होती. हे कोणी चित्रकाराने ठरवलेलं नाही. चघळायचे स्नायू जिथे चिकटतात तिथे हाडावर कंगोरे राहतात, त्यावरून जबड्याची ताकद कळते. पण ती लुसी मेली कशी, हे आलं की मी सावध होते. २०१६ मध्ये एका गटाने नेचर या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की झाडावरून पडून. तिला शोधणाऱ्या डोनाल्ड जोहान्सनलाच ते पटलं नाही, कारण तसे तडे इतर जीवाश्मांतही सापडतात.

सुमाआत्या: मंजू, एवढं टाइप करतेस, बोटं नाही दुखत?

मंजूताई: व्हॉइस टायपिंग गं आत्या.

मी: हाडावरूनही चुकतात बरं का. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये ला शापेलला निअँडरथलचा सांगाडा मिळाला. मार्सेलँ बूल या शास्त्रज्ञाने तो गुडघ्यात वाकलेला, पोक काढून चालणारा रंगवला. १९५७ मध्ये परत तपासला तर तो संधिवाताने खिळखिळा झालेला म्हातारा निघाला. पण तोवर अर्ध्या जगाच्या डोक्यात वाकडा निअँडरथल बसला तो बसलाच.

वहिनी: म्हणजे आपल्या कंबरदुखीवाल्या दोघातिघांचे सांगाडे उद्या सापडले तर काय ठरवतील!

अण्णाकाका: माझ्याकडे बोट दाखवू नये.

सुमाआत्या: बरं, मग चांगली कुठली बघायची ते सांगा.

मंजूताई: 'सीक्रेट्स ऑफ द निअँडरथल्स', २०२४ ची. इराकच्या कुर्दिस्तानातली शानिदर गुहा. एका बाईची कवटी मिळाली, ७५ हजार वर्षांपूर्वीची, दाबून दोनेक सेंटीमीटर जाडीची झालेली. दोनशेवर तुकडे जुळवायला महिने लागले. कमरेचं हाड नव्हतं, तर बाई की पुरुष हे दाताच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून ठरवलं. मला त्यात हेच आवडलं. शेवटचा चेहरा केनिस बंधू या कलाकारांनी केलाय, सुंदर आहे, पण तिची ती शांत नजर त्यांनी दिलेली.

दादा: याच गुहेत फुलं वाहून पुरलेला सापडला होता ना?

मंजूताई: फुलं नाही, परागकण. आता म्हणतात, ते जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांनीही आणले असतील. मला विचाराल तर त्याच गुहेतला शानिदर १ नावाचा निअँडरथल जास्त हलवतो. एक हात निकामी, एका डोळ्याने बहुधा आंधळा, तरी चाळिशीपर्यंत जगला.

मामा: मग बघायचं तरी कसं? दर वाक्याला तुला फोन करू?

मंजूताई: आवाज बंद करून बघा मामा. संगीत आणि तो खर्जातला आवाज गेला की समोर नुसतं हाड राहतं. त्यातून काय दिसतं ते बघायचं.

[चिनूने हा मेसेज डिलीट केला आहे]

वहिनी: चिनू अभ्यास.

अण्णाकाका: (रात्री ९:४०) मंजू, तू म्हणालीस तसं केलं. आवाज बंद करून परत बघितली. खड्ड्याचं सोड, मान्य. पण मला एक सांग, एवढ्या आत ती हाडं गेली कशी? त्यांच्यावर कुठल्या जनावराचे दात लागलेले नाहीत. पाण्याने वाहून आली म्हणावं तर सोबत दगडगोटे हवेत.

मंजूताई: काका, इथेच सगळे अडलेत. कोणी म्हणतं गुहेला पूर्वी दुसरं तोंड असेल. २०२५ मध्ये बर्गरच्या गटाने सुधारित लेख दिला, तरी भांडण चालूच आहे.

अण्णाकाका: मग मी अगदीच चूक नव्हतो.

मंजूताई: अगदीच नव्हतात 🙂

सुमाआत्या: म्हणजे मला आता परत बघायला लागणार. तो फटीत शिरतो तेवढं पुढे ढकलेन.