‘इट’ म्हणजे ‘ते’ एवढंच का?

इंग्रजीतल्या ‘इट’चा अर्थ विचारला की ‘ते’ हे उत्तर तयार असतं. शब्दकोशापुरतं ठीक आहे, पण वाक्यात ते लगेच तोकडं पडतं. खुर्ची ती, पंखा तो, पुस्तक ते. इंग्रजीत तिन्हींना ‘इट’. म्हणजे मराठीत आणताना आधी मागचं नाम शोधायचं, मग त्याचं लिंग पाहायचं. आणि एवढं करूनही बहुतेक वेळा सर्वनाम लागतच नाही. ‘किल्ली मिळाली का?’ ‘मिळाली.’ या ‘ली’नेच किल्लीचं नाव सांगून टाकलं. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही, म्हणून तिथे ‘आय फाउंड इट’ असं पूर्ण म्हणावं लागतं. आपल्या इंग्रजीतून ‘इट’ गळतं ते नेमकं इथेच: ‘आय लाइक्ड व्हेरी मच’, ‘आय फाइंड डिफिकल्ट टू रीड’. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मराठी कानाला तिथे काही राहून गेल्याचं जाणवतच नाही.

आता ‘इट इज रेनिंग’ घ्या. पडणारं ‘ते’ कोण? कोणीच नाही. इंग्रजी विधानाला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे ‘इट’ बसवतात. वेळ, अंतर, हवामान सांगताना हेच. मराठीत असलं काही नाही, असं अनेकदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. उजाडलं, सांजावलं, गडगडतंय, उकडतंय, मळमळतंय ही क्रियापदं पाहा. काय उजाडलं? कर्ता सांगताच येत नाही. आपलं व्याकरण यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतं. कर्ता नसतानाही क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी, तृतीयपुरुषी रूप घेतं. इंग्रजी ज्यासाठी वेगळा शब्द खर्ची घालते, ते काम आपल्याकडे ‘उजाडलं’च्या शेवटचं ‘लं’ करतं. म्हणून ‘इट इज गेटिंग डार्क’चं मराठी ‘अंधारतंय’. ‘ते अंधार होत आहे’ असं मुलांकडून लिहून घेऊ नये. त्याने दोन्ही भाषा बिघडतात.

एका ठिकाणी मात्र ‘ते’ अगदी चपखल बसतं. ‘इट इज गुड दॅट यू केम’ म्हणजे ‘तू आलास ते बरं झालं’. फरक फक्त क्रमाचा: इंग्रजीत ‘इट’ आधी येऊन पुढच्या गोष्टीची वर्दी देतं, आपलं ‘ते’ झालेल्या गोष्टीमागून येतं. ‘इट वॉज शी हू कॉल्ड’ या धाटणीला तर आपला ‘च’ पुरतो: ‘फोन तिनेच केला.’

माणसाला ‘इट’ म्हणू नये हा नियम खरा, पण दारावर टकटक झाली की ‘हू इज इट?’ असंच विचारतात. समोर कोण आहे हे ठाऊक नसतं तोवर ते चालतं. मुलगा की मुलगी हे माहीत नसलेल्या बाळालाही ‘इट’ म्हणतात. आपलं ‘बाळ’ तर मुळातच ते. मोठ्या माणसाबद्दल मात्र तो अपमान होतो, तिथे ‘दे’ वापरावं. उलट जहाजांना इंग्रजीत परंपरेने ‘शी’ म्हणत. ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजवाहतुकीच्या वृत्तपत्राने 2002 मध्ये तिथेही ‘इट’ स्वीकारलं.

‘इट्स’मधल्या लोपचिन्हाबद्दल, म्हणजे अपॉस्ट्रॉफीबद्दल थोडं. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘हिट’ होता आणि त्याची षष्ठी पुल्लिंगाप्रमाणेच, म्हणजे आजच्या ‘हिज’चंच रूप. ‘इट्स’ ही षष्ठी सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या मूळ छपाईत ती नाही. आज ‘त्याचं’ या अर्थी लोपचिन्ह द्यायचं नाही, ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ आखडलं असेल तरच द्यायचं. ‘हिज’ला लोपचिन्ह नाही, तसंच यालाही नाही, एवढं धरून ठेवलं तर गोंधळ होत नाही.

आणखी एक जोडी नेहमी घसरते. पेन हरवलं आणि कुठलंही चालणार असेल तर ‘आय नीड वन’. हरवलेलंच पेन हवं असेल तर ‘आय नीड इट’. पण बोट दाखवून ‘मला तेच हवंय’ म्हणताना ‘इट’ दुबळं पडतं. बोलताना ‘इट’वर सहसा जोर येत नाही. तिथे ‘दॅट’च घ्यावं: ‘आय वॉन्ट दॅट वन.’