पन्नाशीतल्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची फेरलढत: परवाना द्यावा का?

रिंगबाहेरचा
लॅरी होम्स आणि माइक वीव्हर पहिल्यांदा भिडले जून १९७९ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. वीव्हर कोणाच्या खिजगणतीत नव्हता, पण त्याने जगज्जेत्या होम्सला घाम फोडला. अकराव्या फेरीत होम्सचा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, हनुवटीवर बसला, वीव्हर आडवा झाला आणि बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पुढच्याच वर्षी याच वीव्हरने पंधराव्या फेरीत, घंटेला मिनिटही उरलं नसताना जॉन टेटला झोपवलं आणि डब्ल्यूबीए या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा किताब घेतला.

हे दोघे पुन्हा समोरासमोर आले थेट नोव्हेंबर २००० मध्ये. होम्स ५१ वर्षांचा, वीव्हर ४९. सहाव्या फेरीत होम्सने लढत संपवली.

होम्सचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मला आजही सगळ्यांत देखणा वाटतो, तरी सांगतो, ही लढत व्हायला नको होती. मुष्टियोद्ध्याचे आधी पाय जातात, मग नजरेचा वेग. ठोशाची ताकद सगळ्यांत शेवटी जाते. म्हणजे उतारवयात दोघांना मारता येतं, पण आलेला ठोसा चुकवता येत नाही. शिवाय वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, कवटीत मोकळी जागा वाढते, त्यामुळे हादऱ्याने शिरा तुटून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. असा परवाना देऊच नये.

डावखुरा
अजिबात पटलं नाही. ५ नोव्हेंबर १९९४ आठवा. माजी जगज्जेता जॉर्ज फोरमन ४५ वर्षांचा, तेव्हाचा जगज्जेता मायकेल मूरर २६ चा. नऊ फेऱ्या फोरमन मार खात होता, गुणांवर साफ मागे. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा ठोसा, आणि मूरर पाठीवर! फोरमनच्या अंगात तीच लाल चड्डी होती, जी घालून तो १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात मुहम्मद अलीच्या हातून हरला होता. वीस वर्षं त्याने ती रात्र उरात बाळगली. तुमच्या नियमाने त्याला घरी बसवलं असतं. ज्याने उभं आयुष्य रिंगमध्ये काढलं, त्याला जुना हिशेब मिटवायचा हक्क नाही?

रिंगबाहेरचा
फोरमन अपवाद आहे हो, आणि अपवादावर नियम बेतायचा नसतो. जुना हेवीवेट जेरी क्वॉरीचं काय? १९९२ मध्ये ४७ व्या वर्षी तो परतला तो कोलोराडोत, कारण तिथे तेव्हा परवाना अडवणारं मंडळच नव्हतं. सहा फेऱ्या मार खाल्ला. १९९९ मध्ये गेला, वय अवघं ५३. डोक्याला बसलेल्या ठोशांनी स्मृती आधीच पोखरली होती.

तिसरा_कोपरा
दोघेही वयावर अडून बसलात. मनिला, १ ऑक्टोबर १९७५. अली ३३, त्याचा जुना वैरी जो फ्रेझर ३१, म्हणजे म्हातारे कोणीच नाहीत. पण ही त्यांची तिसरी लढत होती आणि अंगात आधीच्या दोन लढतींचा मार मुरलेला. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझर कोपऱ्यात बसला तेव्हा एक डोळा मिटलेला, दुसऱ्याने आधीपासूनच धड दिसत नव्हतं. अलीचा उजवा हात येताना दिसेचना. प्रशिक्षक एडी फचने त्याला उठूच दिलं नाही. फ्रेझर विनवत होता, मला लढायचंय. मुद्दा हा आहे. परक्यासमोर माणूस हार मानतो, जुन्या वैऱ्यासमोर मानत नाही. वय कसलं मोजता, खाल्लेला मार मोजा. आणि ज्याच्याशी एकदा मरणाचं लढलाय त्याच्याशीच पुन्हा लढायचं असेल, तर कोपऱ्यात फचसारखा माणूस आहे का, ते आधी बघा.

डावखुरा
हे मान्य. तपासणी कडक करा, फेऱ्या कमी करा. पण सरसकट बंदी नको.

रिंगबाहेरचा
तपासणी तर १९८० मध्ये अलीचीही झाली होती. ३८ वर्षांच्या अलीला परवाना मिळाला आणि होम्सने त्याला दहा फेऱ्या झोडपलं. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. चार वर्षांनी अलीला पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचं निदान. त्या रात्री जिंकलेला होम्स रडला होता. सगळं डोळ्यांनी पाहिलेला तोच माणूस ५१ व्या वर्षी ग्लोव्हज चढवतो, म्हणून मला त्याच्यावर निर्णय सोपवायची भीती वाटते.

डावखुरा
आणि मी नेमका त्याच कारणाने त्याच्यावर सोपवेन. या धंद्याची किंमत होम्सइतकी जवळून कोणी पाहिलीय?