चाकांवरच्या रोबोचा ग्रिपर वस्तू धरून ठेवत नाही. सर्व्हो बदलावा का?

प्रश्न

माझ्या चारचाकी रोबोच्या पुढच्या बाजूला दोन जबड्यांचा ग्रिपर आहे. सर्व्होमुळे (सांगितलेल्या कोनापर्यंत वळून थांबणारी छोटी मोटर) एक जबडा फिरतो आणि त्याच्या बुडाशी असलेल्या दात्यांमुळे दुसरा जबडा उलट दिशेने वळतो. सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे डबे उचलून दुसरीकडे ठेवणे एवढेच त्याचे काम. काही महिने ते सुरळीत चालले, नंतर रोबो वळताना डबा निसटू लागला, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये जबडे बंद होण्याचा कोन ८ अंशांनी वाढवला. आठवडाभर बरे गेले. आता मात्र डबा धरलेला असताना सर्व्हो सतत गुणगुणतो, दोन-तीन मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि मधूनच नियंत्रक बोर्ड रीसेट होऊन रोबो जागच्या जागी थांबतो. बोर्ड आणि सर्व्हो यांना एकाच ५ व्होल्टच्या रेग्युलेटरमधून (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) वीज मिळते. अधिक ताकदीचा सर्व्हो घ्यावा, की आहे तोच दुरुस्त होईल?

उत्तर १

नवा सर्व्हो घेण्याची घाई करू नये, कारण तुमच्या वर्णनावरून मूळ बिघाड सर्व्होत नसून जबड्यांच्या रबरी अस्तरात असावा असे वाटते. दोन जबड्यांमध्ये धरलेला डबा केवळ घर्षणाने टिकतो. ३०० ग्रॅमचे वजन म्हणजे जवळपास ३ न्यूटन. रबर स्वच्छ असताना घर्षणांक ०.६ धरला, तर प्रत्येक जबड्याने २.५ न्यूटन दाब दिला तरी पुरतो, परंतु जमिनीलगत फिरणाऱ्या रोबोच्या रबरावर धूळ बसून तोच आकडा ०.३ वर आला की दाब दुप्पट लागतो, आणि वळणावरचे हिसके त्यात धरलेलेच नाहीत. तुम्ही कोन वाढवून तो दाब मिळवलात. मात्र डबा आड आल्यामुळे सर्व्होला सांगितलेल्या कोनापर्यंत पोहोचताच येत नाही, तो अडलेल्या अवस्थेतच जोर लावत राहतो, आणि गुणगुणणे व तापणे हा त्याचाच परिणाम आहे.

वीज बंद करून सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावर बसणारा, जबड्याला फिरवणारा तुकडा) काढा आणि जबडे हाताने उघडून-मिटून पाहा. ते अडखळत असतील, तर दोष दात्यांत किंवा सांध्याच्या स्क्रूंत आहे. जबडे मोकळे फिरत असतील, तर मोकळा सर्व्हो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालवा. तो दर वेळी एकाच कोनावर झटका देत असेल, तर आतला एखादा दाता तुटलेला आहे. रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पुसूनही ते चकचकीत व कडक लागत असेल तर बदलून टाका. सांध्याचे स्क्रू सैल झाले असतील, तर आट्यांवर थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब पुरेसा आहे.

उत्तर २

वरील निदान मला पटते, तरी बोर्ड रीसेट होण्याचा प्रश्न केवळ रबर बदलून सुटणार नाही. नेहमीच्या आकाराचा धातूच्या गिअरचा सर्व्हो अडला की २ अँपिअरहून अधिक प्रवाह खेचू शकतो. त्या क्षणी सामाईक रेग्युलेटरचा व्होल्टेज खाली येतो आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. सर्व्होसाठी वेगळा रेग्युलेटर द्या, पण दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोके) एकत्र जोडा, नाहीतर सिग्नलला संदर्भच उरत नाही. सर्व्होच्या तारांजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन-ऋण टोके तपासून, लावावा. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी थेट जोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि पुष्कळ सर्व्हो ६ व्होल्टपर्यंतचेच असतात.

जबड्यासोबत हलणारी तारही पाहा. वारंवार वाकून आतला तांब्याचा धागा तुटतो आणि वरचे आवरण अखंडच दिसते. मी स्वतः एकदा दोन संध्याकाळी प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवल्या होत्या, आणि दोष निघाला तो अशा तारेत.

प्रश्नकर्ता

सुचवल्याप्रमाणे तपासले. जबडे मोकळे फिरतात. रबर पुसल्यावर कापड काळे झाले आणि जुन्या कोनावरही रिकामा डबा टिकला. सर्व्हो मात्र मध्यावर झटका देतो. उघडून पाहिल्यावर दुसऱ्या गिअरचा एक दाता गेलेला दिसला. गिअरचा संच वेगळा मिळतो, तो मागवला आहे. जबडे अ‍ॅक्रिलिकचे आहेत. त्यांच्या स्क्रूंनाही थ्रेडलॉकर लावू का?

उत्तर ३

अ‍ॅक्रिलिकला थ्रेडलॉकर लावू नका. ते द्रव्य धातूच्या आट्यांसाठी असते. अ‍ॅक्रिलिकवर ओघळले की ताण असलेल्या छिद्राभोवती बारीक तडे जातात आणि जबडा काही दिवसांनी तिथेच मोडतो. त्याऐवजी नायलॉनची कडी असलेले नट वापरा, आणि जबडा स्वतःच्या वजनाने जेमतेम हलेल इतकेच आवळा.

गिअर बसवताना शेवटच्या गिअरकडे विशेष लक्ष द्या. आतल्या पोटेन्शिओमीटरचा (सर्व्हो किती वळला हे मोजणाऱ्या भागाचा) दांडा त्याच्याशी जोडलेला असतो आणि त्याच गिअरवर फिरण्याची मर्यादा ठरवणारा अटकावही असतो. ही जुळणी चुकली, तर वीज देताच सर्व्हो अटकावावर आदळून नव्या संचाचे दातेही जातील. म्हणून जबडे न जोडता आधी १.५ मिलिसेकंदाची पल्स (मध्याचा कोन सांगणारा सिग्नल) द्या, सर्व्हो मध्यावर थांबतो याची खात्री करा, आणि मगच जबडे अर्धे उघडे ठेवून हॉर्न बसवा. हॉर्न एक दाता पुढे-मागे बसला तरी २५ दात्यांच्या स्प्लाइनवर (सर्व्होच्या दातेरी दांड्यावर) १४ अंशांहून अधिक फरक पडतो, म्हणजे तुम्ही वाढवलेल्या ८ अंशांपेक्षाही जास्त.

बंद होण्याचा कोन डबा हाती धरून नव्याने ठरवा: एकेक अंशाने मिटत जा, आणि जिथे डबा हलकेच ओढूनही निसटत नाही तिथून आणखी एक-दोन अंशांवर थांबा. पाच मिनिटे धरून ठेवल्यावरही सर्व्होवर हात ठेवता आला पाहिजे. तेवढ्यात डबा निसटलाच, तर कोन न वाढवता अधिक मऊ रबर लावून पाहा.

प्रश्नकर्ता

आभार. हॉर्न एक दाता चुकीचाच बसला होता, हे आता मोजल्यावर लक्षात आले.