कारखान्याची जनसुनावणी लागलीय, पर्यावरण अहवालात नेमकं काय बघायचं?

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या शिवाराला लागून साखर कारखाना आहे. त्यांना गाळप रोज ५००० टनांच्या वर न्यायचंय, शिवाय मळीपासून इथेनॉल काढायची डिस्टिलरी उभी करायचीय. पंचायतीच्या फळ्यावर जनसुनावणीची नोटीस लागली. पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकारी) अहवाल मागितला तर जाडजूड बाड पुढ्यात ठेवलं, सगळं इंग्रजी. सारांश कन्नडमध्ये आहे, तो लेक वाचून सांगते.

माझा ऊस त्याच कारखान्याला जातो. कारखाना बंद पडावा असं माझ्या मनात अजिबात नाही. पण डिस्टिलरीचं सांडपाणी साठवायची टाकी नकाशात जिथं दाखवलीय, ती जागा ओढ्याच्या अंगाला, सखल आहे. ऑगस्ट २०१९ ला तिथं पुरुषभर पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. टाकीच्या खालच्या बाजूला आमच्या चार भावकीच्या विहिरी आहेत. गावात कोण म्हणतंय विरोध करा, कोण म्हणतंय गप्प बसा, आधीच ऊसतोड वेळेवर मिळत नाही. सुनावणीत आम्ही बोललेलं कुणी मोजतं का? आणि बोलायचं तर काय?

जुना लॅबवाला

मोजतात, पण कागदावर आलेलंच मोजतात. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, चिमणीच्या आतल्या बाजूनं हे सगळं बघितलंय. जरा सविस्तर लिहितो.

हे सगळं १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं चालतं. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा माणूस असतो. तिथं मतदान नसतं. परवानगी द्यायची की नाही हे त्या मांडवात ठरतच नाही. किती माणसं जमावीत याचीही अट नाही, म्हणजे गावानं बहिष्कार घातला तरी सुनावणी झाली असंच धरतात. म्हणून जा. तुम्ही मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला कारखान्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, आणि तज्ज्ञ समिती तो अहवाल घेऊन बसते. जे मांडलं नाही त्याला उत्तर देण्याचं कुणावर बंधन नाही.

आता बाड उघड. सगळं वाचू नकोस. आधी हवा-पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते शोध. कायद्यानं एका हंगामाची मोजणी पुरते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. नमुने मार्च ते मे मधले असतील तर दोन गोष्टी निसटतात. गळीत साधारण मार्च-एप्रिलमध्ये आटोपतं, म्हणजे बॉयलर थंड असताना हवा मोजली गेलेली असू शकते. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी राख पडते ती त्या तक्त्यात दिसणार नाही. दुसरं, तुझा ओढा तेव्हा कोरडा. तज्ज्ञ समितीत बसलेल्या माणसाला महापूर त्या आकड्यांत कुठून दिसावा?

मग डिस्टिलरी. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतं. काळंकुट्ट, आंबट, इतकं जड की ओढ्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे तरंगायला लागतात. अहवालात ‘शून्य विसर्ग’ लिहिलेलं असणार, म्हणजे एक थेंबही बाहेर सोडणार नाही. ते जमतं, मी जमलेलं बघितलंय. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात, किंवा प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) फवारून कंपोस्ट करतात. कंपोस्टची वाट धरली असेल तर थेट विचार: पावसाळ्यात यार्ड ओलं असतं, कंपोस्ट होत नाही, तेवढे महिने डिस्टिलरी बंद ठेवणार का? जाळणार असतील तर बॉयलर बिघडला त्या दिवशी स्पेंटवॉश कुठं जाणार? तो जाणार तुझ्या सखल जागेतल्या टाकीत. म्हणून तुझा मुद्दा साधा नाही, सगळ्यात मोठा तोच आहे.

पाण्याचा हिशोबही बघ. उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं, त्यामुळं गाळप चालू असताना कारखान्याला नदीचं पाणी कमी लागतं. डिस्टिलरी मात्र मळी साठवून उन्हाळ्यातही चालते. तेव्हा नदीत जे असतं ते काळम्मावाडी धरणातून सोडलेलं, शेतीसाठी आणि पिण्यासाठी. एप्रिल-मे मध्ये रोज किती उपसणार, हा आकडा वेगळा मागा.

सीमेपलीकडची (कागल)

काका, मी कागल तालुक्यातली. आमचं गाव त्या कारखान्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण महाराष्ट्रात. राख आमच्याकडंही येते. आम्हाला बोलता येतं का?

जुना लॅबवाला

ताई, लेखी हरकत नक्की देता येते. ज्याचा पर्यावरणाशी संबंध पोचतो अशा कुणालाही ती मुभा आहे. अभ्यासाचा घेर सहसा दहा किलोमीटरचा असतो, त्यात तुमचं गाव आलंय का ते बघा. नकाशात राज्याची हद्द आली की पलीकडचा भाग कोरा सोडलेला मी बघितलाय. तसं असेल तर तेच पहिलं लिहा.

आणि हे दोघांसाठी: रोज ५००० टन किंवा त्याहून जास्त गाळपाचा साखर प्रकल्प एरवी राज्याच्या पातळीवर तपासला जातो. पण जागा राज्याच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत असली तर तो केंद्राच्या समितीकडं जातो. आधी हे अंतर दहा होतं, २०१४ ला पाच केलं. दोन्ही राज्यांनी आपसात करार करून ही अट सैल केली असेल तर गोष्ट वेगळी. प्रस्ताव कुठल्या समितीकडं आहे ते केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतं.

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

काका, लेकीला बसवून तारखा शोधल्या. मार्च ते मेच निघाल्या. पुराबद्दल एक ओळ आहे: प्रकल्पस्थळी पुराचा इतिहास नाही.

वाचून डोकं सुन्न झालं. यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली होती, ते साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं!

जुना लॅबवाला

संतापाचं भाषण करू नकोस, ते टाळ्यांत विरून जातं. तहसीलदार कचेरीतून २०१९ आणि २०२१ च्या पीकनुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती काढ. टाकीच्या आसपासचे सर्वे नंबर त्यात असले की सरकारचाच कागद त्या ओळीच्या विरोधात उभा राहतो. ज्या घरांच्या भिंतींवर पाण्याची खूण आहे तिथं टेप लावून फोटो घे. मागणी मोजकी लिही: टाकी पूररेषेच्या वर न्या, पावसाळ्यातली मोजणी करा, खालच्या विहिरींच्या पाण्याची दर तिमाहीला तपासणी करा आणि निकाल पंचायतीच्या फळ्यावर लावा. ‘प्रकल्प नको’ आणि ‘टाकी हलवा’ एकाच अर्जात घालू नका. मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडा आणि दोन्हींवर पोच घ्या.

सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. बोलून झालं की लोक उठून जातात, तुम्ही बसून राहा. पूर आणि सर्वे नंबर त्यात आले नसतील तर सही व्हायच्या आत तिथंच उभं राहून दुरुस्ती मागा.

सीमेपलीकडची (कागल)

आमच्या गावाच्याही पंचनाम्यांच्या प्रती काढते. दादा, तुमचा अर्ज तयार झाला की इथं टाका, तारखा आणि मागण्या जुळवून घेऊ.