दहावीच्या बॅचचे पैसे नेमके कुणाला?

शेवटचा_बाक
आमची दहावी 1996 ची. तिशीच्या निमित्ताने 46 जणांनी डोई चार हजार कबूल केले, म्हणजे 1,84,000. आकडा जमायला आठवडासुद्धा लागला नाही; द्यायचे कुणाला यावर मात्र ग्रुपवर तीन आठवडे रण माजलंय. नावं तीन आहेत: वरोऱ्याचं आनंदवन, आमचीच शाळा (मुलींचं स्वच्छतागृह) आणि आमचे शिपाईमामा, जे आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी जातात. भांडण नको म्हणून अ‍ॅडमिनने तोडगा काढलाय की तिघांना सारखे वाटा.

मला तो साफ नामंजूर आहे. पंगतीत प्रत्येकाच्या पानात चिमूटभर साखरभात वाढला की वाढप्याचं समाधान होतं, जेवणाऱ्याचं नाही. एकच जागा ठरवा. माझं मत शाळेला.

चष्मिष्ट
एकच जागा, मान्य. पण शाळा का? मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं हवीत हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. तुम्ही बांधून दिलीत की संस्थाचालक निवांत. फीत कापतील, फलकावर तुमच्या बॅचचं नाव येईल, आणि दिवाळीनंतर दाराला कुलूप. रोज पाणी कोण भरणार, झाडणार कोण, याचं उत्तर आहे का तुमच्याकडे?

शेवटचा_बाक
नाही. मुख्याध्यापकांना विचारतो. पण कायद्यात लिहिलंय म्हणून आठवीतल्या पोरीने दिवसभर पाणी न पिता बसायचं का?

खडूस_हिशोबनीस
भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. पैसे एकाच्या खात्यात गोळा करून त्याने पुढे पाठवले तर पावती त्या एकाच्याच नावाने येणार. देणगीवरची आयकर सवलत (80जी) बाकी 45 जण विसरा. त्यापेक्षा प्रत्येकाने संस्थेला थेट पाठवावेत आणि बॅचचं नाव कळवावं. रोख दोन हजारांच्या वर दिली तर सवलत नाही. नवी कररचना घेतली असेल तर तशीही नाही, त्यामुळे निम्म्या लोकांचा हा वाद फुकटच असेल.

माझं मत आनंदवन. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये सुरू केलेलं काम तिसऱ्या पिढीत चालू आहे. नोंदणी आहे, पावती मिळते. गावकीतल्या दानात नंतर हिशोब मागायला जीभ रेटत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव. एका ठिकाणी सत्तर हजार दिले होते. विचारलं तर "विश्वास नाही का?" हे उत्तर.

पारावरचा
हिशोबनीस, आनंदवनाबद्दल आदरच आहे. पण पावती मिळते म्हणून दान करायचं, हे म्हणजे उजेड आहे म्हणून दिव्याखाली किल्ली शोधण्यातलं झालं. नाव झालेल्या संस्थेकडे लोक आपणहून वळतात. शिपाईमामांकडे या 46 जणांखेरीज कोण वळणार?

हडसनकाठची
बॅचमधले कुणी परदेशात आहेत का? मी अमेरिकेत आहे, आमच्या ग्रुपला हे उशिरा कळलं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललेलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगीच. मग संस्थेला परकीय देणगी घेण्यासाठीची सरकारी (एफसीआरए) नोंदणी लागते, आणि 2020 पासून असा पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावा लागतो. गावच्या शाळेकडे ही नोंदणी असण्याची शक्यता कमीच.

खडूस_हिशोबनीस
पारावरचे, मामांचं म्हणाल तर डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. उपचार फुकट होत असतील तर पैसे नेमके कशाला? माणूस ओळखीचा आहे म्हणून?

पारावरचा
उपचार फुकट, वाट नाही. माझ्या चुलत्यांचं तीन वर्षं केलंय. एसटीत ज्येष्ठांना सवलत आहे, पण चार तास मशिनवर काढून आलेला माणूस स्टँडवर गाडीची वाट बघत उभा राहू शकत नाही. शिवाय सोबत एक माणूस लागतो, त्याचा रोज बुडतो. आमच्याकडे रिक्षावाला जाऊन-येऊन सातशे घ्यायचा. आठवड्याला दोन खेपा म्हणजे वर्षाच्या 104, म्हणजे 72,800. चुलत्यांनी शेवटी शेवटी एक खेप चुकवायला सुरुवात केली होती. आजार वाढला म्हणून नाही, भाडं नव्हतं म्हणून.

चष्मिष्ट
हे पटलं. पण वर्षानंतर काय? मामांना सवय लावून तुम्ही हात झटकणार?

पारावरचा
वर्षभर तरी खेप चुकणार नाही. पुढचं पुढे.

शेवटचा_बाक
मघाशी मुख्याध्यापकांना फोन केला. स्वच्छतागृह दोन वर्षांपूर्वीच बांधलंय म्हणाले. बंद आहे. बोअरची मोटार जळालीय. चष्मिष्ट, तुम्ही जिंकलात. म्हणजे तिथे बांधकाम नको, मोटार हवी, आणि ती आमच्या आकड्याच्या पाव हिश्श्यातही बसावी. म्हणजे "वाटून द्या"ला विरोध करणारा मीच आता वाटणी करणार. अ‍ॅडमिनला कळलं तर नाचेल.

खडूस_हिशोबनीस
मोटारीचं बिल शाळेच्या नावाने घ्या, रोख देऊ नका. मामांचे पैसे त्यांच्या हातात देऊ नका, घरात लग्न निघालं की जातील. रिक्षावाल्याला दर महिन्याला थेट.

शेवटचा_बाक
रिक्षावाला आमच्याच बॅचचा आहे. वर्गणीचे चार हजार त्यानेही कबूल केलेत. त्याच्याशी भाड्याचं कोण बोलणार, यावर आता ग्रुपवर नवीन सुरू झालंय.