'द विंड' (२०१८) कसा आहे?

कमी बजेटचा, भुताटकीवाला वेस्टर्न (जुन्या काळच्या पश्चिम अमेरिकेतली गोष्ट) म्हणून दिग्दर्शिका एमा टॅमीचा हा सिनेमा कोणीतरी सुचवला, बघू का?

> बघच! न्यू मेक्सिकोचा ओसाड माळ, लांब लांब दोनच घरं आणि तो वारा, नुसत्या आवाजावर अशी भीती उभी केलीय ना की पैसे कमी होते हे जाणवतच नाही, केटलिन जेरार्डने तर एकटीने सिनेमा पेललाय

> मला अर्धाच पटला. गोष्ट सारखी मागेपुढे उड्या मारते, कधीचं काय चाललंय तेच कळेना. भूत खरं की नायिकेच्या मनातलं हा संशय भारीय, पण उघड दाखवायला गेले की मजा जाते

> उड्या मला पटल्या, इतक्या एकटेपणात दिवसांचा हिशोब राहतो का माणसाला? हेडफोन लावून बघ.