मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) स्पीडबोटीसाठी मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर)

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. ६५० मिमी लांबीची, डीप-व्ही तळाची फायबरची बोट बांधतोय. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सकाळी वारा पडलेला असताना पळवायची आहे.

मोटर ३६ मिमी व्यासाची, ब्रशलेस इनरनर (आतला रोटर फिरणारी), वॉटर जॅकेटसह (पाण्याने थंड ठेवणाऱ्या आवरणासह) घ्यायची हे नक्की. अडलंय ते केव्हीवर, म्हणजे दर व्होल्टला मोटर विनाभार किती आरपीएम फिरते त्यावर. २००० केव्ही आणि ४एस लायपो (चार सेलची, १४.८ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी) धरली तर १४.८ गुणिले २००० म्हणजे विनाभार २९,६०० आरपीएम. १५०० केव्ही आणि ६एसवर (सहा सेल, २२.२ व्होल्ट) ३३,३०० होतात. शिवाय तेवढ्याच पॉवरला करंट कमी, म्हणजे ईएससी थंड राहणार. पण दोन सेलचं वजन वाढतं आणि एवढ्या छोट्या बोटीत ते कुठे ठेवायचं?

मागच्या बोटीत ६० अँपिअरचा ईएससी जळला. वेगाच्या हौसेने प्रॉपेलर मोठा लावला, करंट एकदम चढला, त्यात कूलिंगची सिलिकॉन नळी दुमडून पाणी बंद. फार जीव लावून केली होती ती बोट. म्हणून यंदा १२० अँपिअरचा घेईन म्हणतो. ६एसला तो पुरेल ना? प्रॉपेलर ४० मिमीपासून सुरू करू की त्याहून लहान?

कुणी या मापाची बोट ६एसवर चालवली असेल तर बॅटरी कुठे बसवली, तेवढं जरूर सांगा.